विषाची मात्रा आणि प्रतिजैविकांची खिरापत

रुग्णालयात दाखल व्हावे एका व्याधीवरील उपचारांसाठी आणि प्राण जावेत तेथेच जडलेल्या दुसऱ्या व्याधीने, अशी शोकांतिका ब्रिटनमधील केंट परगण्यातल्या अनेक कुटुंबांच्या वाट्याला आली. मेडस्टोन व टनब्रिज वेल्स या ट्रस्टच्या रुग्णालयांतील कारभाराविषयीचा चौकशी अहवाल तेथील आरोग्यसेवा आयोगाने ऑक्टोबर २००७ मध्ये प्रसिद्ध केला. एप्रिल २००४ ते सप्टेंबर २००६ या काळात सुमारे ९० रुग्णांचा मृत्यू निश्चितपणे किंवा बहुधा 'क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल' या जिवाणूच्या आतड्यातील संसर्गानेच झाला, असा निष्कर्ष त्यात होता. परिचारिकांची संख्या अपुरी, खाटा एकमेकींना खेटून लावलेल्या, बेडपॅन धड धुतलेली नाहीत, असे चित्र अहवालाने उभे केले. जुलाबाने बेजार झालेल्या वृद्धांना 'अंथरुणातच उरका' असे सांगितले जात होते. २००५ च्या अखेरीस आलेली पहिली साथ तर व्यवस्थापनाच्या लक्षातही आली नव्हती.

त्याआधी जुलै २००६ मध्ये स्टोक मँडेव्हिल या प्रख्यात रुग्णालयाबाबतही असाच अहवाल आला होता. तेथे दोन साथींत मिळून ३३४ रुग्णांना लागण झाली आणि किमान ३३ जण दगावले. प्रतीक्षायादी व खर्च यांविषयीची सरकारी उद्दिष्टे गाठण्याच्या घाईत वरिष्ठांनी संसर्ग-नियंत्रणाकडे काणाडोळा केला, असा ठपका त्या अहवालाने ठेवला. अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात तर परिस्थिती याहून बिकट होती. २००४ च्या पहिल्या सहामाहीत तेथील बारा रुग्णालयांच्या पाहणीत १,७०३ रुग्ण आढळले. दाखल होणाऱ्या दर हजार रुग्णांमागे हे प्रमाण २२.५ इतके होते आणि बाधितांपैकी ६.९ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत या संसर्गामुळेच मरण पावले.

एवढी माणसे एकाएकी का मरू लागली, याचे एक उत्तर २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून पुढे आले. क्यूबेकमध्ये थैमान घालणारा '०२७' हा प्रकार प्रयोगशाळेत नेहमीच्या प्रकारांपेक्षा 'अ' हे विष सोळा पट आणि 'ब' हे विष तेवीस पट अधिक निर्माण करतो, असे संशोधकांना आढळले होते. हे आकडे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकले आणि 'महाजिवाणू' जन्माला आला. या स्पष्टीकरणात सोय मोठी होती. शत्रूच अचाट सामर्थ्याचा निघाला, तर पहारेकऱ्याला फारसे प्रश्न विचारले जात नाहीत. तथापि त्यानंतरच्या दोन दशकांतील संशोधन एकत्र ठेवून पाहिले, तर विषाच्या मात्रेची ही कथा जेमतेम अर्धीच खरी ठरते. उरलेली अर्धी कथा रुग्णालयांच्या औषध कपाटात होती.

उपासमार झाली की विष

या जिवाणूची पहिली ओळख अगदी निरुपद्रवी म्हणून झाली होती. १९३५ मध्ये हॉल व ओ'टूल या अमेरिकी संशोधकांना तो निरोगी नवजात बालकांच्या विष्ठेत सापडला. प्रयोगशाळेत वाढविणे जिकिरीचे, म्हणून त्याच्या नावात 'डिफिसिल' म्हणजे 'कठीण' हा शब्द आला. (२०१६ मध्ये वर्गीकरणकारांनी त्याला 'क्लॉस्ट्रिडिऑइडिस' या नव्या कुळात घातले, डॉक्टर मंडळींच्या तोंडी मात्र 'सी. डिफ' हेच नाव कायम राहिले.) त्याचे विष प्रयोगशाळेतील प्राण्यांना मारते हे तेव्हाच लक्षात आले होते; परंतु बाळे तर ठणठणीत! त्यामुळे पुढची चाळीस वर्षे कोणी त्याकडे फारसे पाहिले नाही.

१९७० च्या दशकात क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक सर्रास वापरात आले आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या मोठ्या आतड्यात पिवळसर पापुद्र्यांचे थर दिसू लागले. आधी दोष औषधाला दिला गेला. मग रुग्णांच्या विष्ठेत पेशी मारणारे एक विष आढळले. गंमत अशी की, जमिनीत आढळणाऱ्या 'क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेली' या वेगळ्याच जिवाणूवरील प्रतिविषाने ते निष्प्रभ होत होते. या धाग्यावरून १९७७-७८ मध्ये संशोधक खऱ्या कर्त्यापर्यंत पोहोचले. म्हणजे या रोगात रंगेहाथ आधी सापडले ते विष, जिवाणू नंतर.

विषाची कार्यपद्धती थक्क करणारी आहे. 'अ' आणि 'ब' ही दोन्ही विषद्रव्ये म्हणजे आकाराने प्रचंड अशी प्रथिने. ती आतड्याच्या अस्तरातील पेशीला चिकटतात आणि पेशी त्यांना आपल्याच हाताने एका पिशवीत बंद करून आत घेते. पिशवीतील आम्लता वाढली की विष तिच्या भिंतीला भोक पाडते. तेथे पेशीतीलच इनॉसिटॉल फॉस्फेट नावाचे एक साधे द्रव्य त्याला भेटते आणि त्या स्पर्शाने विषातील अंगभूत कात्री चालू होते. घातक तुकडा सुटून पेशीच्या पोटात उतरतो. हा तुकडा पेशीतील 'ऱ्हो' गटाच्या प्रथिनांवर ग्लुकोजचा एक कण नेऊन चिकटवतो. एवढेच! पण ही प्रथिने पेशीच्या सांगाड्याची बटणे असतात. त्यांवर साखर चिकटली की बटण कायमचे बंद पडते, सांगाडा कोसळतो, शेजारच्या पेशीशी असलेली घट्ट वीण उसवते. आतड्याची भिंत गळू लागते, पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह भडकतो आणि रुग्णाला दिवसाला दहा-पंधरा वेळा जुलाब होऊ लागतात. वाढत्या वयात शरीरातील पाण्याचा हा निचरा सोसत नाही. आतडे फुगून निकामी झाले, तर शस्त्रक्रियेने ते काढून टाकण्याची वेळ येते.

जिवाणू हे विष सदासर्वकाळ तयार करीत नाही, ही गोष्ट येथे सर्वांत महत्त्वाची. विषाची जनुके त्याच्या गुणसूत्रावर एकाच पट्ट्यात शेजारीशेजारी असतात. त्यातले 'टीसीडीआर' हे जनुक कारखाना सुरू करणारी कळ. भोवती ग्लुकोज किंवा काही विशिष्ट अमिनो आम्ले मुबलक असली की जिवाणूच्या पेशीतील पहारेकरी प्रथिने ही कळ दाबू देत नाहीत. अन्न संपत आले, वाढ खुंटली की पहारा उठतो आणि विषनिर्मिती सुरू होते. विष हे या जिवाणूचे भुकेच्या वेळचे हत्यार आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या चित्रात आणखी भर घातली. विषामुळे दाह भडकला की आतड्याच्या ऊतींतील कोलॅजन तुटते आणि त्यातून सुटणारी अमिनो आम्ले हा जिवाणू खातो. शिवाय दाहाच्या त्या वणव्यात त्याचे प्रतिस्पर्धी जिवाणू टिकाव धरत नाहीत. आपले ताट वाढून घेण्यासाठी यजमानाचे घर पेटविण्याचाच हा प्रकार म्हणायचा.

निरोगी माणसाच्या आतड्यात मात्र त्याची डाळ शिजत नाही. तेथे शेकडो प्रकारच्या जिवाणूंची दाट वस्ती असते आणि त्यांनी खाण्यापिण्यापासून राहण्यापर्यंत सर्व जागा व्यापलेली असते. यकृतातून येणाऱ्या पित्तातील काही आम्लांमुळे सी. डिफचे कवचबंद बीजाणू जागे होतात. पण आतड्यातील ठरावीक रहिवासी जिवाणू या आम्लांचे रूपांतर दुसऱ्या आम्लांत करतात आणि ती आम्ले सी. डिफची वाढ रोखतात. न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी घेतलेले प्रतिजैविक ही सारी वस्ती उठवून लावते. मोकळ्या पडलेल्या आतड्यात बीजाणू रुजतात, वाढतात, खाणे संपवितात आणि मग विषाचा कारखाना सुरू होतो. प्रतिजैविकांचा कोर्स संपल्यावर कित्येक आठवडे ही वस्ती पूर्ववत होत नाही. साहजिकच, घरी परतल्यानंतरही रुग्ण या आजाराने पुन्हा रुग्णालयात येतात.

आतड्यातील 'जागेचे' हे महत्त्व २०१५ मधील एका चाचणीने फार सुंदर दाखविले. सी. डिफचे काही प्रकार असे आहेत की त्यांच्यात विषाची जनुकेच नसतात. अशा विषहीन प्रकाराचे बीजाणू बऱ्या झालेल्या रुग्णांना मुद्दाम पाजण्यात आले. बीजाणू न दिलेल्या गटात ३० टक्के रुग्णांचा आजार उलटला, तर दिलेल्या गटात हे प्रमाण ११ टक्के होते. सज्जन भाडेकरूने खोली आधीच अडविली होती.

सोळा पट, तेवीस पट

आता पुन्हा '०२७' कडे. हा प्रकार इतके विष का निर्माण करतो, याचा उलगडा सुरुवातीला अगदी सरळ वाटला. विषाच्या जनुकांशेजारीच 'टीसीडीसी' नावाचे एक जनुक असते आणि ते विषनिर्मितीला ब्रेक लावते, असा समज होता. '०२७' मध्ये या जनुकात बिघाड होता. ब्रेक तुटला, गाडी सुसाट सुटली, अशी ती मांडणी. विद्यार्थ्यांना शिकवायला सोपी, बातमीत लिहायला त्याहून सोपी.

पुढे जनुकात नेमका फेरफार करण्याची साधने हाती आल्यावर संशोधकांनी हा बिघाड दुरुस्त करून पाहिला. एका गटाला दुरुस्तीनंतर जिवाणूची मारकता घटल्याचे दिसले. परंतु २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांना विषाच्या उत्पादनात काहीच फरक आढळला नाही. ब्रेकची गोष्ट तेव्हापासून वादात आहे. दोन विषांपैकी घातक कोणते, यावरही असाच खल झाला. २००९ मध्ये 'नेचर' मधील एका निबंधाने 'ब' विषाला मुख्य आरोपी ठरविले, तर पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने दोन्ही विषे स्वतंत्रपणे मारक असल्याचे दाखविले. विज्ञानात असे होतेच. मात्र पहिल्या निष्कर्षाला मिळणारी प्रसिद्धी नंतरच्या दुरुस्त्यांना मिळत नाही.

या सगळ्याहून वजनदार पुरावा जुन्या शीतपेट्यांत पडून होता. '०२७' हा काही २००३ मध्ये अवतरलेला जिवाणू नव्हता. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत तो गोळा करून ठेवण्यात आला होता. टीसीडीसी जनुकातील तो बिघाड त्या जुन्या नमुन्यांतही होता आणि 'बायनरी' नावाचे तिसरे विषही होते. तरीही तेव्हा साथ आली नाही. जुन्या आणि नव्या नमुन्यांत ठळक फरक निघाला तो एकच. नवे नमुने मॉक्सिफ्लॉक्सासिन, गॅटिफ्लॉक्सासिन यांसारख्या फ्लुरोक्विनोलोन गटातील नव्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. २०१३ मध्ये जगभरातील नमुन्यांच्या जनुकक्रमांची तुलना झाली. या औषधांना दाद न देणाऱ्या '०२७' च्या दोन शाखा उत्तर अमेरिकेत वेगवेगळ्या उदयाला आल्या आणि तेथून जगभर पसरल्या, असे तिने दाखविले.

विषारी तर तो आधीपासूनच होता. रुग्णालयात राज्य करण्याचा परवाना त्याला मिळाला तो औषधांना दाद न देण्याच्या गुणातून. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य रुग्णालयांत फ्लुरोक्विनोलोन औषधे खिरापतीसारखी वाटली जात होती. श्वसनाचा संसर्ग असो की लघवीचा, हात तिकडेच जाई. प्रत्येक डोसागणिक रुग्णाच्या आतड्यातील मूळ वस्ती उजाड होत होती आणि त्याच औषधाच्या माऱ्यात '०२७' तेवढा सुखरूप उरत होता. विष अधिक असल्याने बळी अधिक गेले असतील, हे नाकारण्याचे कारण नाही. पण साथ उभी राहिली ती औषधांच्या पायघड्यांवरून.

मध्यंतरी, २०१८ मध्ये, खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या ट्रेहॅलोज या साखरेवरही संशय घेतला गेला. ही साखर '०२७' ला चांगली पचते आणि उंदरांत त्यामुळे विष वाढते, असे 'नेचर' मधील निबंधाचे म्हणणे होते. आरोप चमकदार होता, मथळेही मिळाले. परंतु नंतरच्या पडताळणीत त्याला रुग्णांच्या आकडेवारीतून बळ मिळाले नाही.

झाडू की औषधबंदी?

एखाद्या निदानाची कसोटी उपायात लागते. क्यूबेकमधील शेरब्रुक येथे साथीशी झुंजणाऱ्या रुग्णालयाने आधी साफसफाई व संसर्ग-नियंत्रणाचे उपाय कडक केले. त्यानंतर रुग्णसंख्येत घट दिसली नाही. मग धोकादायक प्रतिजैविकांच्या वापरावर लक्ष केंद्रित झाले. २००३-०४ ते २००५-०६ या काळात एकूण प्रतिजैविकांचा वापर २३ टक्क्यांनी आणि नेमक्या लक्ष्य केलेल्या औषधांचा ५४ टक्क्यांनी घटला. सी. डिफच्या रुग्णांत ६० टक्के घट झाली. विशेष म्हणजे डॉक्टरांवर सक्ती नव्हती. मार्गदर्शक सूचना, समजावणे आणि पाठपुरावा एवढ्यावर हे घडले.

इंग्लंडमधील अनुभव यापेक्षा मोठ्या पटावरचा. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ या एकाच वर्षी ८,३२४ मृत्युप्रमाणपत्रांवर या जिवाणूचा उल्लेख होता. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी त्याच वर्षी रुग्णालयांच्या 'सखोल स्वच्छते'ची मोहीम जाहीर केली. वॉर्ड रिकामे करून घासूनपुसून घेण्याची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. राजकारणाला दिसणारा उपाय लागतो आणि झाडू-फडके फार छान दिसते. त्याच सुमारास एक न दिसणारा बदलही होत होता. रुग्णालयांतील फ्लुरोक्विनोलोन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधांच्या वापराला चाप लावण्यात आला. २००७-०८ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदलेले रुग्ण ५५ हजारांहून अधिक होते. २०१३-१४ पर्यंत हा आकडा १३ हजारांच्या घरात आला.

श्रेय कोणाचे, याचा निवाडा २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बऱ्यापैकी चोख केला. केवळ स्वच्छतेमुळे साथ ओसरली असती, तर सी. डिफच्या सर्वच प्रकारांचा फैलाव सारखाच कमी व्हायला हवा होता. तसे झाले नव्हते. रुग्णाकडून रुग्णाकडे होणारा प्रसार घटला तो फ्लुरोक्विनोलोनला दाद न देणाऱ्या प्रकारांचाच. ज्यांवर ही औषधे चालतात, त्या प्रकारांचा प्रसार जवळपास होता तसाच राहिला. ऑक्सफर्डशायरमध्ये २००६ च्या सुमारास नमुन्यांपैकी दोन तृतीयांश औषधरोधी होते, ते २०१३ पर्यंत अवघ्या काही टक्क्यांवर आले. त्याच परगण्यातील आणखी एका अभ्यासात २००७ ते २०११ दरम्यानच्या सुमारे १,२०० रुग्णांतील जिवाणूंचे जनुकक्रम वाचण्यात आले. जेमतेम ३५ टक्के प्रकरणांत संसर्गाचा धागा आधीच्या रुग्णाशी जुळला. ४५ टक्के प्रकरणांतील जिवाणू तर आधीच्या साऱ्यांहून पुरता वेगळा निघाला. त्यांच्या आतड्यात बीजाणू कुठून आले, ते शेजारच्या खाटेवरून नक्कीच नाही.

याचा अर्थ झाडूची गरज नाही, असा काढणे घातक ठरेल. या जिवाणूचे बीजाणू कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्महिने तग धरतात. खाटेचा कठडा, शौचालयाची कडी, परिचारिकेच्या हातातील तापमापक, कुठेही. अल्कोहोलयुक्त जेलने ते मरत नाहीत. साबण-पाण्याने हात चोळून धुणे आणि क्लोरीनयुक्त द्रावणाने फरशी पुसणे, एवढेच कामाला येते. केंटमधील रुग्णांना ज्या अवस्थेत ठेवले गेले, ती अवस्था कोणत्याही जिवाणूविना अक्षम्यच होती. मुद्दा असा की, घाणेरड्या वॉर्डाचा संताप जनतेला चटकन येतो आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषधाकडे कोणाचे लक्षच जात नाही. चौकशी आयोगापुढे परिचारिकांची संख्या मोजली जाते. न्यूमोनियाची शंका म्हणून लिहून दिलेल्या आणि शंका फिटल्यावरही दहा दिवस चालू राहिलेल्या गोळ्या कोण मोजणार?

विषावर उतारा

रोग विषाचा, म्हणून उताराही विषावरच शोधण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांचा इतिहास संमिश्र आहे. 'ब' विषाला पकडून निष्प्रभ करणारे बेझ्लोटॉक्झुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजूर झाले. आजार उलटण्याचे प्रमाण त्याने सुमारे २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांच्या आसपास आणले. 'अ' विषावरील जोडीचे प्रतिपिंड मात्र निरुपयोगी ठरले. उंदरांत काहीही दिसो, माणसात कळीचे विष 'ब' च आहे, याचा हा सर्वांत भरीव पुरावा. एवढे होऊनही मर्क कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये हे औषध बाजारातून काढून घेतले. लसींचेही फारसे बरे झाले नाही. निष्क्रिय केलेली विषे टोचून शरीराला त्यांच्याशी लढायला शिकवायचे, ही धनुर्वातावरील लसीसारखीच कल्पना. सनोफीने आपली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये थांबविली. फायझरच्या लसीला २०२२ मध्ये संसर्ग रोखण्याचे मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही, जरी लस घेतलेल्यांत आजार सौम्य राहिल्याचे दिसले.

त्याउलट, उजाड आतडे पुन्हा वसविण्याचा उपाय यशस्वी झाला. निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याची पद्धत वाचताना किळसवाणी वाटते. परंतु नेदरलँड्समधील २०१३ च्या चाचणीत तिचा परिणाम इतका ठळक दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. त्यावर आधारित दोन उत्पादनांना अमेरिकेने नोव्हेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. विषाशी थेट लढणारी औषधे मागे पडावीत आणि मूळ रहिवाशांना परत आणणारी पुढे जावीत, हा योगायोग नव्हे.

निदानाच्या बाबतीत मात्र विषाचे महत्त्व वाढले आहे. आधुनिक पीसीआर चाचणी विष्ठेत विषाचे जनुक आहे की नाही, एवढेच सांगते. विष प्रत्यक्षात तयार होते आहे की नाही, हे नाही. इंग्लंडमध्ये १२ हजारांहून अधिक नमुन्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचा धोका जोडलेला होता तो विष्ठेत विष सापडण्याशी. केवळ जिवाणू सापडलेले अनेक रुग्ण फक्त वाहक होते. अशा वाहकाला रोगी समजून पुन्हा प्रतिजैविके देणे म्हणजे त्याला त्या खाईकडेच ढकलणे. म्हणून तेथे दोन टप्प्यांची तपासणी रूढ झाली.

भारतातील शांतता

भारतात हा जिवाणू नाही, असे कोणी म्हणणार नाही. दिल्लीची 'एम्स', चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथून वेळोवेळी अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनीही या विषयावर लिहिले आहे. पण हे सारे मोठ्या शहरांतील मोजक्या संस्थांचे चित्र. प्राणवायूविना वाढणारा जिवाणू जोपासण्याची सोय असलेली प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही. शिवाय जुलाब म्हटले की आपल्याकडे डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही डोळ्यांसमोर दूषित पाणी येते, आधी घेतलेल्या गोळ्या येत नाहीत. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील रुग्णांची नोंद २००४ पासून आणि दोन वर्षांवरील सर्वांची २००७ पासून सक्तीची झाली. रुग्णालयवार आकडे जाहीर होतात, म्हणूनच तेथे अहवाल निघाले आणि अधिकाऱ्यांच्या खुर्च्या हलल्या. भारतात अशी सक्ती नाही.

जुलाबावरील आपल्याकडचा लोकप्रिय उपाय तर या विषयाच्या अभ्यासकाला चक्रावून टाकणारा आहे. ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची एकत्रित गोळी वर्षानुवर्षे औषध दुकानांतून खपत आली आहे. तिच्यातील पहिले औषध फ्लुरोक्विनोलोन, म्हणजे सी. डिफला वाट मोकळी करून देणाऱ्या गटातले. दुसरे मेट्रोनिडाझोलचा भाऊबंद, आणि मेट्रोनिडाझोल हे बराच काळ याच जिवाणूवरील प्रमुख औषध होते. (अलीकडच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी त्याला मागच्या रांगेत बसविले आहे.) एकाच गोळीत आग आणि पाणी! कितीजणांचा आजार या गोळीने लावला आणि कितीजणांचा निदानाआधीच दडपला, याचा हिशेब लावणे कोणालाही शक्य नाही. नमुनाच तपासला गेलेला नसतो.

केंद्र सरकारने एप्रिल २०१७ मध्ये प्रतिजैविक-रोधाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. त्याआधी, १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूची लागू झाली. सेफॅलोस्पोरिनच्या तिसऱ्या व चौथ्या पिढीतील औषधे तिच्यात आली. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहावे लागते आणि ती वही दुकानदाराने तीन वर्षे जपून ठेवायची असते. शेरब्रुकच्या डॉक्टरांनी जो हिशेब मांडून साथ आटोक्यात आणली, त्याचा कच्चा माल अशा हजारो वह्यांत कायद्यानेच जमा व्हायला हवा. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी त्या उघडून पाहायच्या आणि रुग्णालयांनी आपल्या औषध कपाटाचे आकडे त्यांच्याशेजारी ठेवायचे, एवढे काम शिल्लक आहे.